कोणता बिबट्या?

शिकारीचं कुठलंही जुनं वर्णन काढून वाचा. बाण किंवा गोळी सुटायला एक क्षण लागतो, पण त्याआधी कित्येक दिवस बेत चाललेला असतो. माणसं किती लागतील, कुठून कुठे हाकायचं, पाणी कुठे आहे, वारा कुठून येतो, कोणाला मारायचं, कोणाला सोडायचं. आमच्या जुन्नर तालुक्यात गेल्या काही वर्षांत शिकारीची भाषा पुन्हा पारावर ऐकू येऊ लागली आहे. म्हणून मी या जुन्या बेतांबद्दल थोडं वाचत होतो. त्यातलं काही आणि पिंपरी पेंढारला स्वतःच्या कानांनी ऐकलेलं काही इथे मांडतो.

सर्वांत मोठा बेत मंगोलांचा. त्यांचा मुलूख उंचावरचा, कोरडा, मैलोन्‌मैल झाड नसलेला. तिथे लपायला आडोसा नाही, त्यामुळे सावजाच्या मागे जाऊन उपयोग नाही. तेराव्या शतकातला फारसी इतिहासकार अता मलिक जुवैनी याने त्यांच्या शिकारीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. हिवाळा आला की आधी माणसं पुढे जाऊन कुठे किती जनावरं आहेत ते बघून येत. मग सगळं सैन्य पसरून एक प्रचंड वर्तुळ करी आणि महिना, दोन महिने, कधी तीन महिने ते वर्तुळ हळूहळू आवळत आणी. वर्तुळातून एखादं जनावर निसटलं तर त्या तुकडीच्या नायकाला फटके बसत, प्रसंगी त्याचा जीवही जाई. शेवटी आत आधी खान शिरे, मग शहजादे, मग सरदार आणि शिपाई. यापुढची गोष्ट मला फार आवडली. थोडी जखमी, थकलेली जनावरं उरली की पांढऱ्या दाढीची माणसं खानापुढे येत, त्याला दुआ देत आणि विनंती करत की उरलेल्या जिवांना सोडून द्या, गवतापाण्याच्या जवळ जाऊ द्या. ही विनंतीसुद्धा त्या बेताचाच भाग होती. शिकार कुठे थांबवायची हे सुरुवातीलाच ठरलेलं असे.

हीच पद्धत मुघलांबरोबर हिंदुस्थानात आली. तिला कमरगाह म्हणत. अकबराने १५६७ साली लाहोरजवळ असं भलंमोठं वर्तुळ केलं होतं. पुढे १५७८ मध्ये झेलमकाठी भेऱ्याजवळ पुन्हा तशीच तयारी झाली. हजारो जनावरं घेरली गेली होती, आणि ऐन वेळी अकबराने शिकार थांबवली. सगळं सोडून द्या, चिमणीलाही हात लावू नका, असा हुकूम निघाला. का, याबद्दल इतिहासकार अजून बोलतात. मला त्यातला व्यवहार दिसतो. इतकी माणसं, इतके दिवस, इतका खर्च झाल्यावरसुद्धा ‘नको’ म्हणता येतं.

अशाच कोरड्या, उंच मुलखातलं एक आजच्या काळातलं उदाहरण आहे. बलुचिस्तानातला तोरघर हा डोंगर. तिथे मारखोर नावाचं पिळदार शिंगांचं रानबोकड राहतं. अफगाण युद्धाच्या काळात हातोहाती बंदुका आल्या आणि १९८०च्या दशकाच्या मध्यात मारखोर शंभरच्या आत उरले. तेव्हा तिथल्या पठाण कबिल्यांनी स्वतःची शिकार बंद केली. जे शिकारी होते त्यांनाच पगारी राखणदार केलं. वर्षाला मोजके म्हातारे नर, तेवढेच बाहेरच्या श्रीमंत शिकाऱ्याला मारू द्यायचे आणि त्या पैशातून राखणदारांचे पगार आणि गावाची कामं करायची. पुढे मारखोरांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. पैसे घेऊन जीव घेऊ देणं बरोबर की चूक, यावर मतं वेगळी असतील, माझंही मन त्यात पूर्ण रमत नाही. पण त्या बेताची पहिली पायरी बघा. आधी मोजणी. किती आहेत, त्यात म्हातारे कोण, ते ठरल्याशिवाय बंदूक म्यानातच.

आता या उघड्या मुलखातून आमच्या शिवारात येऊ. इथे सगळं उलटं आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, कालवे आले, आणि जिथे बाजरी आणि मटकी होती तिथे ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो. एका शेतातला तुटला तरी शेजारचा उभाच. आत पाचटाचा थर, बाजूला पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. बिबट्याच्या किती पिढ्या आता उसातच जन्मल्या आणि वाढल्या. तोडीच्या वेळी पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. उसाच्या सरीत बिबट्या चार हातांवर बसलेला असला तरी दिसत नाही. मंगोलांना महिनाभर चालून जनावर गाठावं लागे. आमच्याकडे ते गोठ्याच्या मागे असतं, आणि तरी सापडत नाही.

पिंपरी पेंढार हे गाव ओतूर आणि आळेफाट्याच्या मध्ये, कल्याण-नगर रस्त्यावर. माझे मामू तिथल्या एका मळ्यात राहतात. २०२४ च्या मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये या गावाच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात एकेक बाई गेली. दोघी शेतात कामाला होत्या. पिंजरे लागले, बिबटे पकडलेही गेले. पण पिंजऱ्यात आलेला तोच होता का, या प्रश्नाचं उत्तर गावाला हवं तसं मिळत नाही. शेळीच्या वासाने पिंजऱ्यात कोणीही शिरतो.

२०२५ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी मामूंकडे होतो. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले होते. आधी पाच वर्षांची मुलगी, मग ८२ वर्षांची आजी, आणि २ नोव्हेंबरला तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. आमच्याकडेही वातावरण तापलेलं होतं. संध्याकाळी मामूंच्या ओट्यावर आजूबाजूच्या मळ्यांतली सहा-सात पोरं जमली. मामू त्यांचे चाचा.

“चाचा, फक्त एक रात्र पायजे,” त्यातला एक म्हणाला. “चार बांधांवर चार ट्रॅक्टर. लाइट उसात. एका अंगानं फटाके लावायचे, दुसऱ्या अंगाला आम्ही उभे.”

बेत तयार होता. हाका, वर्तुळ, सगळं. मंगोलांच्या बेतात आणि या बेतात फारसा फरक नव्हता.

मामू ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या वडिलांकडे रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती एकदा उडाली की पुन्हा दारू ठासेपर्यंत काठीच. मामूंनी विचारलं, “निघाला समजा. कोणता निघाला?”

“कोणता का असंना, बिबट्याच हाय ना.”

“मादी निघाली, मागं दोन पिल्लं, मग?”

कोणी बोललं नाही.

“बरं, मारलाच. पण मेला न्हाई, पायाला लागलं आन् परत उसात शिरला. सकाळी त्या उसात खुरपायला कोण जाणार? तुझी आई जाणार का माझी सून?” मग ते हळू आवाजात म्हणाले, “माझ्या बापाकडं गोळी एकच असायची, बाळांनो. म्हणून आधी इचार करावा लागायचा.”

मला हे सगळं पटत होतं. पण आतून भाभी चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, “कौनसा, कौनसा, करते बैठो तुम. रात कू दारं धरने मैं जाती.”

ओट्यावरच्या शांततेत हे वाक्य पडलं आणि तिथेच राहिलं. भाऊ टोमॅटोचा टेम्पो घेऊन रात्री वाशीला जातो. मोटारीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. भाभी मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात फावडं घेऊन सरीसरीने फिरते. पाणी फोडायला वाकावं लागतं. वाकलेलं माणूस अंधारात चार पायांच्या जनावरासारखं दिसतं. तिला कोणता बिबट्या याने काय फरक पडतो? तिच्यासाठी जो समोर आला तो.

त्या रात्री पोरं उसात गेली नाहीत. मात्र त्यानंतर मला हे दोन्ही प्रश्न सोडत नाहीत, मामूंचा आणि भाभीचा. दोन्ही खरे आहेत आणि एकाचं उत्तर दिल्याने दुसऱ्याचं मिळत नाही.

मामूंच्या प्रश्नाला इतिहास साक्ष आहे. गढवालातल्या रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत १२५ माणसं मारल्याची सरकारी नोंद होती. बक्षीस जाहीर झालं, शिकारी आले, विष घातलं गेलं, सापळे लागले. बरेच बिबटे मेले. माणसं मरायची थांबली नाहीत, कारण तो एक जिवंत होता. जिम कॉर्बेटने मे १९२६ मध्ये त्याला टिपला, तेव्हा ते थांबलं.

जुन्नरचा स्वतःचा अनुभवही आहे आणि तो आपण विसरलो आहोत. २००१ पासून इथले बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलात सोडायची मोहीम झाली. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. मोहिमेआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, मोहिमेनंतर ते १७ वर गेले. त्यातल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. जनावराला ओळखीच्या शिवारातून उचलून अनोळखी ठिकाणी टाकलं की ते बिथरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरं येतं. म्हणजे ‘कोणता का असेना’ या बेताचा हिशेब एकदा मांडून झालेला आहे, आपल्याच तालुक्यात.

कायदाही मामूंच्याच बाजूने बोलतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे बिबट्या पहिल्या अनुसूचीत येतो. त्याच्या शिकारीची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, पण तो प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा होण्यापलीकडे जायबंदी वा आजारी असेल तरच, आणि त्याला पकडणं किंवा बेशुद्ध करणं शक्य नाही अशी खात्री झाल्यावरच. तीही लेखी, कारणांसह. अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मेलं तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कायद्यात आहे. हे आपल्या लोकांना माहीत असायला हवं.

पिंपरखेडला तेच झालं. परवानगी आली. ठसे बघितले गेले, कॅमेरे लागले, अंधारात उष्णता टिपणारे ड्रोन फिरले, नेमबाज आणि जनावरांचे डॉक्टर एकत्र बसले. ४ नोव्हेंबरच्या रात्री तो दिसला. आधी बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं, ते चुकलं, तो अंगावर आला आणि मग गोळी झाडली. पाच-सहा वर्षांचा नर होता. हा शिकारीचा बेतच होता. फरक इतकाच की त्यातला सगळा वेळ एकाच गोष्टीवर खर्च झाला, ती म्हणजे तोच आहे का याची खात्री.

आपल्या दीनमध्येही शिकारीबद्दल जे सांगितलं आहे ते याच्या जवळचं आहे. सूरह माइदामध्ये शिकारीची परवानगी आहे आणि त्याच सूरहमध्ये इहराममध्ये असलेल्याला जमिनीवरची शिकार मना आहे. मुद्दाम केली तर भरपाई आहे. जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण करायला हदीसमध्ये मनाई आहे. पण चावऱ्या, माणसावर झडप घालणाऱ्या जनावराला इहराममध्येसुद्धा मारायची मुभा आहे, असं फुकहा सांगतात. म्हणजे माणसाचा जीव आधी, यात शंका ठेवलेली नाही. मुभा आहे ती इजा करणाऱ्याला मारायची. त्याच्या जातीवर सूड घ्यायची नाही.

इथवर मामूंचं झालं. भाभीच्या प्रश्नाचं काय?

पिंपरखेडकडच्या बायकांनी त्या दिवसांत गळ्याला खिळ्यांचे पट्टे बांधले. बिबट्या मानेला धरतो म्हणून. धनगराच्या कुत्र्याला असा पट्टा असतो, ते लहानपणापासून बघितलं आहे. तो पट्टा बाईच्या गळ्यात, डोक्यावर पदर, हातात खुरपं. ते फोटो बघून बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली. पण त्या बायकांनी स्वतःपुरता चोख बेत आखला होता. शिकारी नव्हे, सावज काय बेत आखतं त्याचा तो नमुना होता.

तेव्हा मला वाटतं, बिबट्याच्या शिकारीचा बेत आखताना आपण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. बंदूक, पिंजरा, ड्रोन हे शेवटचं पान आहे. सुरुवातीला प्रश्न असतो तो वेळेचा. जनावर कधी बाहेर पडतं आणि माणूस कधी बाहेर पडतो. बिबट्या रात्री फिरतो हे नवं नाही. माणसाला रात्री उसात कोण पाठवतं? विजेचं वेळापत्रक. ते कागदावर माणसांनीच लिहिलेलं आहे, ते बदलता येतं. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. जिथे बाईमाणूस रात्री वाकून पाणी फोडतं ती गावं त्या यादीत सर्वांत वर हवीत. मळ्यातल्या घराला दाराबाहेर संडास असेल तर तो आत हवा. घर आणि ऊस यांच्यात दहा-पंधरा फूट मोकळी जागा हवी. शेळ्यांचा गोठा चारही बाजूंनी आणि वरून बंद हवा. शाळेची वाट उसातून जात असेल तर पोरांसोबत मोठं माणूस हवं. यात कुठेही शौर्य नाही, म्हणून यासाठी रस्ता अडवायला गर्दी जमत नाही. माणूस गेल्यावर सरकार कुटुंबाला २५ लाख देतं. त्यातल्या थोड्या पैशांत आणि थोड्या घाईत, माणूस जायच्या आधी, किती कुंपणं झाली असती याचा हिशेब कोणीतरी मांडावा.

माणसं मारणारा जनावर सापडला तर त्याला मारावंच लागेल. ते काम ज्यांना येतं त्यांच्यावर सोपवावं, आणि तोच आहे याची खात्री होईपर्यंत त्यांना घाई करू नये, हे गावाने सांभाळायला हवं. आणि बाकीचे जे उसात आहेत, ज्यांनी कोणाला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी पांढऱ्या दाढीच्या माणसांनी शब्द टाकायला हवा. जुवैनीच्या म्हाताऱ्यांनी खानापुढे टाकला तसा. फक्त आमच्याकडे ती विनंती एकट्या जनावरासाठी करून भागणार नाही. त्याच अर्जात दुसरी ओळ लागेल, आणि माझं म्हणणं असं की ती पहिली लिहावी. मोटारीची वीज दिवसा द्या. सही करायला मामू तयार आहेत. भाभीने विचारलं आहे की अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, ती स्वतः घेऊन जाईल. दिवसा.